मदत हवी आहे: पास झालेली पोरं पुढे काय करतात याचा डेटा कसा ठेवता? (नॅकचं मूल्यांकन, एनआयआरएफची क्रमवारी वगैरे)

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका अनुदानित कॉलेजात शिकवते, आर्ट्स-कॉमर्स आणि नावाला सायन्स. यंदा आयक्यूएसीत (कॉलेजच्या गुणवत्ता समितीत) नॅकचा क्रायटेरिया पाच माझ्या गळ्यात पडलाय, त्यातलं खास डोकं खाणारं म्हणजे ५.२.१, बाहेर पडलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली आणि किती पुढच्या शिक्षणाला गेले. आधीच्या सरांकडून मिळालेल्या फाईलमध्ये एक एक्सेल आहे आणि ऑफर लेटरच्या झेरॉक्स, त्यातल्या निम्म्या वाचताच येत नाहीत.

अडचण अशी की आमची बरीच पोरं पास झाली की एमपीएससी नाहीतर पोलीस भरतीच्या मागे लागतात, पुण्याला किंवा संभाजीनगरला रूम करून राहतात, पहाटे ग्राउंड आणि दिवसभर अभ्यासिका, असं दोन दोन तीन तीन वर्षं चालतं. ही कुठल्या रकान्यात घालायची? नोकरी नाही, शिक्षण नाही, आणि बेकार लिहिलं तर तेही खरं नाही. काही शेती बघतात, कुणी सीएससी सेंटर टाकलंय. मुलींचं लग्न झालं की नंबर बदलतो, ग्रुपमधून लेफ्ट, माहेरी फोन केला तर 'तुम्हाला कशाला पाहिजे' विचारतात आणि त्यांचंही काही चूक नाही.

दुसरं, नॅकला एक आकडा जातो, एनआयआरएफला वेगळा, आयशेला (केंद्राच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणाला) तिसराच, आणि तिन्ही आमचेच. प्राचार्यांचं म्हणणं तिन्ही जुळले पाहिजेत. हे शक्य तरी आहे का?

तिसरं सीओ अटेनमेंट, म्हणजे विषयाचं एकेक ठरवलेलं उद्दिष्ट (कोर्स आउटकम) पोरांनी किती साधलं. पेपर विद्यापीठ काढतं, तपासणी कॅपला (विद्यापीठाच्या तपासणी केंद्रावर), आमच्या हातात येतात फक्त विषयाचे एकूण मार्क, मग कुठला सीओ किती साधला हे कुठून काढायचं? सगळ्या सीओंना सारखाच आकडा येतोय.

कुणाकडे चालणारी पद्धत असेल तर सांगा. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये.

रिकामा_बाक
पद्धत एकच, मागच्या वर्षीच्या आकड्यात दोन टक्के मिळवायचे. 😀

हिशेबनीस
बाकराव, डीव्हीव्हीवाले (नॅकसाठी आकडे पडताळणारे) नावांची यादी आणि पुरावे मागतात तेव्हा ते दोन टक्के कुठून आणणार?

मॅडम, आधी तिन्ही आकडे जुळवायचा नाद सोडा. ते जुळूच शकत नाहीत कारण भागाकाराच्या खालचा आकडाच वेगवेगळा आहे. समजा एफवायला १२० जणांनी ॲडमिशन घेतली. गळती होत होत टीवायच्या परीक्षेला ७० बसले, ६३ पास झाले. नॅकच्या निकालाच्या रकान्यात शेवटच्या वर्षाला बसलेल्यांपैकी पास किती एवढंच विचारतात, म्हणजे ९० टक्के, छान दिसतं. एनआयआरएफ मात्र पहिल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या बॅचपासून धरतं आणि ठरलेल्या मुदतीत पदवी किती जणांना मिळाली असं विचारतं. त्या ६३पैकी ९ जण एटीकेटीमुळे वर्षभर मागे राहिलेले असतील तर उरले ५४, म्हणजे १२०चे ४५ टक्के. कॉलेज तेच, पोरं तीच, एकीकडे ९० आणि दुसरीकडे ४५. आणि आयशे तर त्या वर्षीची पटसंख्या आणि निकाल घेतं, बॅचचा माग काढतच नाही. प्राचार्यांना हे उदाहरण वहीवर मांडून दाखवा, लगेच पटतं.

म्हणून एकच मूळ रजिस्टर ठेवा, पीआरएननुसार (विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकानुसार), एका विद्यार्थ्याची एक ओळ: प्रवेशाचं वर्ष, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होता का, पास कधी, टीसी कधी नेली, पुढे काय, कुठून कळलं, कोणत्या तारखेला कळलं. हे शेवटचे दोन रकाने कुणी ठेवत नाही आणि पुढे तेच नडतं. तिन्ही ठिकाणचे आकडे याच रजिस्टरमधून काढायचे, मग ते वेगळे आले तरी का वेगळे ते सांगता येतं.

एमपीएससीवाल्यांचं म्हणाल तर तयारीला कुठेच गुण नाहीत. परीक्षा पास झाला तर ५.२.२मध्ये येतो, राज्य सरकारच्या परीक्षा त्यात धरतात. तोवर रजिस्टरमध्ये 'स्पर्धा परीक्षा' असा वेगळा रकाना करा आणि त्याला प्लेसमेंटमध्ये ढकलू नका. बीएड, एमए, एमकॉम, एलएलबीला गेलेले मात्र हमखास राहून जातात, ते सगळे पुढच्या शिक्षणात धरायचे.

दप्तर
मी शिकवत नाही, एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. तुम्ही प्राध्यापक लोक गूगल फॉर्म पाठवत बसता आणि मग म्हणता पोरं भरत नाहीत. पोरगं मार्कशीट न्यायला येतं, टीसी न्यायला येतं, नंतर पदवी प्रमाणपत्राला येतं, कधी बोनाफाईडला येतं. तेव्हा ते खिडकीत उभं असतं आणि त्याला कागद हवा असतो. तिथेच अर्ध्या पानाचा फॉर्म ठेवा, आत्ता काय करतोस, पुढे कुठे जाणार, घरातला एक जास्तीचा नंबर. आमच्याकडे टीसीच्या अर्जावरच 'कशासाठी हवी' हा रकाना आहे, त्यात पोरं कॉलेजचं नावसुद्धा लिहितात. पुढच्या शिक्षणाची बरीचशी यादी त्या रजिस्टरातच पडून असते, फक्त कुणी मागायला येत नाही.

मुलींसाठी मॅडमनीच फोन करा, क्लार्कने करू नये.

मिडवेस्टकर
इथे अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत हेच काम करतो, त्यामुळे राहवलं नाही. तुमचं ९० विरुद्ध ४५ वाचून हसू आलं कारण आमच्याकडेही भांडण खालच्या आकड्याचंच. १९९०च्या कायद्यामुळे पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं, पण त्यात फक्त पहिल्यांदा आणि पूर्णवेळ शिकायला आलेले धरतात आणि मुदतीच्या दीडपट वेळ देतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. नोकरी सांभाळून शिकणारे, दुसऱ्या कॉलेजातून आलेले, सगळे बाहेर. २०१५-१६पासून त्यांनाही धरणारं वेगळं मोजमाप आलं, त्यात आठ वर्षांपर्यंत बघतात.

तुमच्या कामाची गोष्ट दुसरीच आहे. पास झाल्यावरच्या पहिल्या नोकरीचा सर्व्हे असतो त्यात 'नॉलेज रेट' असतो, म्हणजे बॅचमधल्या किती जणांचं आपल्याला नक्की काहीतरी ठाऊक आहे. बॅचलर्ससाठी सहा महिन्यांत ६५ टक्के माहिती मिळवा असं उद्दिष्ट असतं आणि ती माहिती विद्यार्थ्याने स्वतःच भरली पाहिजे असं नाही, शिक्षक, मालक, लिंक्डइन, कुठूनही चालते. रिपोर्टमध्ये हा आकडा आधी लिहायचा. '४० जणांना नोकरी' याला काही अर्थ नाही, '१०० पैकी ६५ जणांचं कळलं, त्यातल्या ४० जणांना नोकरी' याला आहे. ज्यांचं कळलं नाही त्यांना बेकारही धरू नका आणि गाळूनही टाकू नका.

रिकामा_बाक
हे भारी आहे, पण नॅकच्या टेम्प्लेटमध्ये 'माहीत नाही' असा रकानाच नाही ना दादा.

हिशेबनीस
टेम्प्लेटमध्ये नाही, पण कॉलेजच्या स्वतःच्या वार्षिक अहवालात लिहायला कोण अडवतंय?

अंतर्गत_गुण
सीओबद्दल. मी इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडे एनबीएमुळे (इंजिनिअरिंग अभ्यासक्रमांना मानांकन देणारी संस्था) हे आधी आलं, २०१४ला भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मानण्याचा देशोदेशींचा करार) कायम सदस्य झाला तेव्हापासून तर फारच. एकूण मार्कांवरून सीओ वेगळे काढता येत नाहीत, कुठलंही एक्सेल आणलं तरी नाही, आत गेलेली माहितीच एक आकडा आहे. त्यामुळे विद्यापीठ परीक्षेचा भाग सगळ्या सीओंना सारखा येणारच, तो तसाच राहू द्या आणि टिपेत तसं लिहा. फरक दिसायला हवा तो अंतर्गत परीक्षेत, कारण तो पेपर तुम्ही काढता. प्रश्नपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नासमोर सीओ क्रमांक टाका आणि मार्क प्रश्ननिहाय नोंदवा. सगळ्या विषयांना एकदम करायला जाऊ नका, विभागातले दोन विषय घ्या. आणि एखादा सीओ कमी आला तर येऊ द्या हो, कमी आलेल्यावरच तर पुढच्या वर्षी काय बदललं ते लिहिता येतं. सगळं अटेनमेंट तीनपैकी तीन दाखवणारी कॉलेजं बघितली की मला शंकाच येते.

कोरडवाहू
सगळ्यांचे आभार. दप्तरदादा, उद्याच आमच्या ऑफिसात टीसीचं रजिस्टर मागते, बघू काय म्हणतात. अजून एक विचारायचं राहिलं. नवीन शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. आता एखादी मुलगी डिप्लोमा घेऊन गेली तर ती गळती की यशस्वी? आणि चौथ्या वर्षाला आमच्याकडेच थांबली तर पुढच्या शिक्षणाला गेली म्हणायचं का?

हिशेबनीस
डिप्लोमा हातात घेऊन गेली तर गळती नका लिहू, पण तीन वर्षांची पदवी मिळालेल्यांतही नको, वेगळा रकाना. मात्र खरंच प्रमाणपत्र घेतलं का ते बघा, त्यासाठी क्रेडिटच्या अटी आहेत, नुसतं यायचं बंद झालं म्हणजे एक्झिट नव्हे. चौथं वर्ष त्याच पदवीचा पुढचा भाग आहे, मी तरी ते पुढच्या शिक्षणात धरणार नाही, पण कुणाला लेखी काही आलं असेल तर इथे टाका.

आणि हो, कटऑफ तारीख ठरवा. २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा आहे, पण निकाल लांबला की एमएचे प्रवेशही लांबतात आणि जूनमध्ये मोजलं तर तुमचे निम्मे विद्यार्थी घरीच बसलेले दिसतात. ३१ डिसेंबर धरा, दरवर्षी तीच.

दप्तर
यादी वेबसाईटवर टाकताना मोबाईल नंबर काढून टाका. कितीतरी कॉलेजांच्या पीडीएफमध्ये मुलींचे नंबर उघडे पडलेत.

कोरडवाहू
आत्ताच आमची पीडीएफ उघडून बघितली. आहेत. काढायला सांगते.