ईटन कॉयरबुक ऐकायचंय: कुठलं रेकॉर्डिंग, आणि एवढं गढूळ का वाटतं?

कोथरूडचा_कानसेन
कान ख्यालाचा आहे. ईटन कॉयरबुक म्हणजे १५०० च्या सुमाराचं इंग्लिश चर्चसंगीताचं हस्तलिखित. त्यातलं जॉन ब्राउन या रचनाकाराचं सहा आवाजी ‘स्टाबात मातेर’ (क्रुसापाशी उभ्या मेरीचं लॅटिन गीत) दोन रेकॉर्डिंगांत ऐकलं. तीन शंका आहेत. एकच रचना वेगवेगळ्या पट्टीत का गातात? मधेच दोन स्वर एकमेकांवर घासतात, तो फाइलचा दोष आहे का? आणि हॉलमधल्या स्पीकरवर शब्द अजिबात का कळत नाहीत?

खर्जातला
पट्टीचं आधी. त्या हस्तलिखितात स्वरांची उंची ठरलेली नाही. कुठल्या आवाजाने कुठवर जायचं एवढंच कळतं. संगीत-अभ्यासक डेव्हिड वुल्स्टन यांनी मांडलं की हे संगीत लिहिल्यापेक्षा तीन अर्धस्वर वर गायलं जायचं. म्हणजे पांढरी एकवरचं काळी दोनवर. पुढे त्यावर भरपूर आक्षेप आले, पण वर चढवलेल्या ‘ट्रेबल’ची (सर्वांत वरच्या आवाजाची) झळाळी लोकांना आवडली आणि ती प्रथा टिकली. खाली गायलं की तेच गाणं पुरुषी आणि दाट होतं.

घासणारे स्वर मुद्दामच आहेत. एक आवाज वर जाताना तीव्र स्वर घेतो, दुसरा खाली येताना त्याचंच कोमल रूप लावतो आणि दोन्ही एकाच क्षणी भेटतात. आपल्याकडे गुरूने कान पिळला असता, इंग्लंडात ती खासियत!

तबकडी_पेठ
रेकॉर्डिंग निवडताना वरचा आवाज कोण गातंय ते आधी बघा. द सिक्स्टीन (हॅरी क्रिस्टोफर्स, पाच खंड, आता कोरो लेबलवर) आणि टॅलिस स्कॉलर्स (पीटर फिलिप्स, ब्राउनची स्वतंत्र तबकडी, जिमेल लेबल, २००५) या दोघांत स्त्रिया गातात. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चची एव्ही लेबलवरची मालिका (स्टीफन डार्लिंग्टन) मुलांच्या आवाजात आहे. तो आवाज जरा कच्चा, पण १५०० च्या सुमाराच्या वृंदाला जास्त जवळचा. सुरुवात टॅलिस स्कॉलर्सपासून करा. त्याच तबकडीवर ‘स्टाबात युक्स्ता’ आहे, सहाही आवाज पुरुषी पट्ट्यांचे. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला ते लवकर पटेल.

हस्तलिखितातल्या मूळ ९३ रचनांपैकी ६४च उरल्या आहेत, त्यांतल्याही काही तुटक. त्यामुळे ‘संपूर्ण’ असं वाचलं तर सावध राहा.

खर्जातला
ऐकायची किल्ली: हस्तलिखितात दोन-तीन आवाजांच्या तुकड्यांचे शब्द लाल शाईत आहेत आणि पूर्ण वृंदाचे काळ्या. रचनेची बांधणी याच अदलाबदलीवर उभी आहे. पहिला भाग बहुधा तीनच्या चालीत असतो, दुसरा दोनच्या. लाल भागात एकच आवाज धरून त्याच्या मागे जा. सगळे एकदम पकडायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. ‘क्रुसिफिगे’ची (क्रुसावर चढवा) आरोळी येते तिथे मात्र सोडून द्या, नुसतं ऐका.

तबकडी_पेठ
शब्दांचं दुखणं बहुतेक खोलीचं आहे. रेकॉर्डिंगमध्ये चर्चचा घुमारा आधीच असतो. त्यात फरशी, उघड्या भिंती आणि काचेची सरकती दारं भर घालतात. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे घ्या, कोपऱ्यात अजिबात नको. समोर जाड सतरंजी, पडदे ओढलेले. अ‍ॅपमधला क्रॉसफेड बंद करा, नाहीतर घुमारा विरायच्या आत पुढचा ट्रॅक घुसतो. आणि आवाजाची पातळी काळ्या भागावर ठरवा. लाल भागात वाढवून ठेवलीत तर सहाही जण आल्यावर कानठळ्या बसतील.

कोथरूडचा_कानसेन
स्पीकर कोपऱ्यातच होते. आज हलवतो. मुलांच्या आवाजातलंही लावून बघतो.