'गेट'चं भावंड 'फरगेट'
इंग्रजी 'गेट' (get) या क्रियापदाचे मिळणे, होणे, पोचणे, कळणे असे बरेच अर्थ आहेत, पण इथे थोडं त्याच्या मुळाबद्दल. हे क्रियापद इंग्रजीच्या घरचं नाही, नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) लोकांच्या 'गेता'वरून आलेलं. इंग्रजीचं स्वतःचं भावंड होतं, पण ते जोडशब्दांतच उरलं. 'फरगेट' त्यातलंच! पकडणे हा मूळ अर्थ, आणि 'फर' लागलं की पकड सुटते. हातातून निसटलं म्हणजे विसरलं. मला तर हे फारच आवडलं.

'गेट'च्या 'गॉटन' (gotten) या रूपाला मात्र उगाच अशुद्ध ठरवू नका. रूप जुनंच आहे, अमेरिकेनं जपलं इतकंच. तिकडे 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली.