शब्दचर्चा: चिऱ्याच्या भिंतीला ‘विद्युतरोधक’ म्हणावं का?

पत्रकवाली (डिचोली):
गणेशचवथीआधी आमच्या वाड्यावर वाटायला विजेच्या सुरक्षिततेचं एक पानी पत्रक मराठीत करतेय. हाताशी इंग्रजी मसुदा आहे. त्यात ‘इन्सुलेटर’ जागोजागी येतो. रबर इन्सुलेटर, लाकूड इन्सुलेटर, दगड-विटा इन्सुलेटर, वायरीवरचं इन्सुलेशन आणि छपराखालचंही इन्सुलेशनच. सगळीकडे ‘विद्युतरोधक’ वापरावं असा माझा विचार आहे. घरी सासऱ्यांना मान्य नाही. त्यांचं म्हणणं, मागच्या पडवीची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत श्रावणात शॉक देते, हात लावू देत नाही, तिला रोधक कसं म्हणतेस? त्यांना काय सांगू? शिवाय मसुद्यात वायरींना ‘कम्प्लायंट’ म्हटलंय, त्याला अनुपालन सोडून काही आहे का?

मास्तर (फोंडा):
शाळेच्या पुस्तकांत सुवाहक आणि दुर्वाहक ही जोडी आहे. पुढच्या इयत्तांत विद्युतरोधक, विसंवाहक हेही भेटतात. विश्वकोशात आणखी एक आहे, विद्युत् अपारक, पण तो कपॅसिटरच्या दोन पट्ट्यांमध्ये असतो तशा पदार्थांसाठी. पत्रकात त्याची गरज नाही.
शब्दांकडे नीट पाहा. दुर्वाहक म्हणजे वाईट वाहणारा, वाहतो पण कमी. रोधक म्हणजे अडवणारा. पहिल्यात प्रमाण गृहीत आहे, दुसऱ्यात हमी. चिऱ्याला हमी कोण देणार?

शुद्धलेखनप्रेमी:
विद्युत् + रोधक = विद्युद्रोधक. ‘विद्युतरोधक’ हा संधी चुकलेला शब्द आहे.

पत्रकवाली:
विद्युद्रोधक बरोबर आहे हो, पण ते वाचेपर्यंत चवथ संपेल.

जुना लाईनमन (सत्तरी):
बाय, तुमचे सासरे बरोबर आहेत. मी खात्यात होतो तेव्हा पावसाळ्यातल्या तक्रारींमध्ये ‘भिंत शॉक मारता’ ही तक्रार ठरलेली असायची. गेल्यावर बहुतेक ठिकाणी सापडायचं ते असं: प्लास्टरच्या आतून गेलेली वायर, कधीतरी कॅलेंडरसाठी ठोकलेला खिळा, खिळ्याने वायरीचं कातडं सोललेलं. उन्हाळाभर काही नाही. जूनमध्ये चिरा पाणी प्यायला लागतो, प्लास्टर ओलं होतं, सिमेंटमधले क्षार त्या पाण्यात विरघळतात आणि करंटाला वाट मिळते. चिरा जाळीदार दगड. सुका असताना करंट जवळजवळ घेत नाही, ओला झाला की त्याच्यातलं पाणी घेतं.
काँक्रीटचं उदाहरण तर मापून ठेवलेलं आहे. भट्टीत पूर्ण सुकवलेल्या काँक्रीटची रोधकता, म्हणजे करंट अडवायची ताकद, अब्ज ओहम-मीटरच्या घरात जाते. तेच काँक्रीट ओल्या जमिनीत असलं की शंभर ओहम-मीटरच्या आसपास उतरतं. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट उफर नावाच्या इंजिनिअरने अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात याचाच उपयोग केला. तिथे नुसत्या जमिनीत अर्थिंग मिळेना, तेव्हा पायाच्या काँक्रीटमधलं लोखंडच त्याने अर्थिंगसाठी घेतलं. काँक्रीट ओल धरून ठेवतं म्हणून ते जमलं. आता अशा पदार्थाला तुम्ही रोधक लिहिणार?
माझं मत: दगड, विटा, लाकूड, काँक्रीट यांना दुर्वाहक म्हणा, आणि पुढे ‘सुके असताना’ जोडा. रोधक हा शब्द वायरीचं पीव्हीसी, स्विचची बॉडी, पॅनेलसमोरची रबरी मॅट यांच्यासाठी राखून ठेवा. ती वस्तू अडवायलाच बनवलेली असते आणि किती व्होल्टपर्यंत अडवेल ते मापून दिलेलं असतं. मॅटचं बघा, आयएस 15652 या भारतीय मानकाप्रमाणे 3.3 किलोव्होल्टसाठी 2 मिलिमीटर जाडी, 11 साठी अडीच, 33 साठी 3. भिंतीला असा आकडा कोणी देत नाही.

मास्तर:
लाईनमनबाब, मान्य. पदार्थ दुर्वाहक, वस्तू रोधक. हा फरक इंग्रजी शब्दात नाही, आपल्याकडे सहज करता येतो.

पडवीवाला (पेडणे):
एक शंका. आमच्या भिंतीला टेस्टर लावला तर मंद पेटतो, पण शॉक बसत नाही. मग भिंत वाहक की दुर्वाहक?

जुना लाईनमन:
टेस्टरच्या निऑनला पेटायला करंट अगदी नगण्य लागतो, तोही आतल्या मोठ्या रोधातून जातो. तेव्हा पेटला म्हणजे काहीतरी येतंय एवढंच कळलं. आज शॉक बसला नाही, कदाचित पायात चप्पल होती. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून तोच प्रयोग कृपा करून करू नका.
गळती किती होऊ शकते ते मेगर, म्हणजे वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, सांगतो. मेन बंद करायचा, बल्ब-पंखे काढायचे, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थच्या विरुद्ध 500 व्होल्ट डीसी लावायचे. घरातल्या वायरिंगचं उत्तर किमान 1 मेगओहम यायला हवं. वायरमनला पैसे देण्याआधी मेगरचं रीडिंग मागा. पावसात घेतलेलं असेल तर उत्तम, मे महिन्यात सगळीच घरं पास होतात.

छपरावरून:
सगळेजण विजेबद्दलच बोलताय, पण पत्रकवालीने छपराखालचं इन्सुलेशनही लिहिलंय. तिथे ‘विद्युतरोधक’ छापलं तर अनर्थ होईल. हल्ली पत्र्याखाली, कौलांखाली ते चंदेरी फॉइलचं शीट लावतात ना, ते उष्णता परतवतं. विजेच्या दृष्टीने तो ॲल्युमिनियमचा पत्राच आहे!
2009 साली ऑस्ट्रेलियात सरकारी अनुदानावर घरोघरी छपराखाली इन्सुलेशन बसवायची योजना निघाली. काही घरांत असं फॉइल धातूच्या पिनांनी ठोकताना पिन वायरीत घुसली आणि अख्ख्या फॉइलमध्ये वीज उतरली. बसवणारी तरुण मुलं त्यात दगावली. फेब्रुवारी 2010 मध्ये योजना गुंडाळावी लागली. इंग्रजीत दोन्हीला इन्सुलेशनच म्हणतात. आपण ‘उष्णतारोधक’ असं स्वच्छ लिहावं आणि पुढे लिहावं: हे शीट बसवताना मेन बंद ठेवा.

पत्रकवाली:
बाप रे. आमच्याच गोठ्यावर आहे ते शीट. हे वाक्य ठळक छापते.

देखभालवाला (वेर्णे):
औषधाच्या कारखान्यात आहे, म्हणून थोडं वेगळं. आमच्याकडे काही खोल्यांची फरशी मुद्दाम ना सुवाहक ना रोधक अशी करतात. सॉल्व्हंटची पेट घेणारी वाफ असते, माणसाच्या अंगावर साठलेली स्थिर वीज ठिणगी न पडता हळूहळू जमिनीत उतरायला हवी. पूर्ण रोधक फरशी तिथे धोक्याची. अशा फरशीचा रोध साधारण 10 लाख ओहमपासून 100 कोटी ओहमपर्यंत ठेवतात. आमच्यात सगळे अँटिस्टॅटिक फ्लोअर म्हणतात, मराठीत ‘स्थिरवीज-निवारक’ चालेल. पत्रकात नको, पण रोधक म्हणजे चांगलं आणि वाहक म्हणजे वाईट असा सूर असेल तर तो काढा.
आता कम्प्लायंट. अनुपालन हे नियमांचं, ते माणसं आणि कंपन्या करतात. वायर काही अनुपालन करत नाही, ती मानकाप्रमाणे असते किंवा नसते. ‘अनुरूप’ बरा, पण पत्रकासाठी ‘आयएसआय मार्कची’ पुरे. आयएसआय ही संस्था 1947 ची. 1987 पासून तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) आला, तरी मार्क जुन्याच नावाचा राहिला, आणि दुकानदाराला बीआयएस म्हटलं तर तो तोंडाकडे बघतो.
मार्क नुसता असून भागत नाही. त्याच्या वर आयएस क्रमांक पाहा, खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणत्या उत्पादकाला, कशासाठी दिलाय ते दिसतं. पीव्हीसी वायरीला 694, स्विचला 3854, प्लग-सॉकेटला 1293. स्विचच्या परवान्यावर कोणी वायर विकत असेल तर तिथेच पकडला जातो. मोबाईलचे चार्जर आणि एलईडी माळांवर आयएसआय शोधू नका. त्यांची व्यवस्था नोंदणीची, तिथे आर-ने सुरू होणारा क्रमांक असतो. चवथीच्या बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या किती माळांवर तो असतो हे तुम्हीच बघा.

शुद्धलेखनप्रेमी:
‘प्रमाणित’ आणि ‘प्रमाणभूत’ यांत गोंधळ नको. परवाना मिळालेली वस्तू प्रमाणित.

पत्रकवाली:
आतापर्यंतचा मसुदा बघा:
‘सुकी भिंत विजेची दुर्वाहक असते. ओली भिंत शॉक देऊ शकते. पावसात भिंतीला, खांबाला हात लावून झिणझिण्या आल्या तर मेन बंद करून वायरमनला बोलवा. छपराखालचं चंदेरी शीट उष्णतारोधक आहे, विद्युतरोधक नाही. ते बसवताना मेन बंद ठेवा. वायर, स्विच, प्लग आयएसआय मार्कचेच घ्या, माळेवर आर- क्रमांक पाहा. घरात एमसीबी असला तरी ईएलसीबी बसवा.’
शेवटचं वाक्य मसुद्यात आहे म्हणून घेतलं, कारण मात्र नीट कळलं नाही.

जुना लाईनमन:
16 ॲम्पिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून. माणसातून 50 मिलिॲम्पिअर गेले तर जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याची दादही नसते. ईएलसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो. 30 मिलिॲम्पिअरचा फरक पडायच्या आत तुटतो. दुकानात आता मिळतं त्याचं खरं नाव आरसीसीबी, पण गावात सगळे ईएलसीबीच म्हणतात, तेच ठेवा. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्याला एकदा दाबायचं हे जोडा.

पडवीवाला:
आणि माटोळी, गणपतीच्या वर फळं-पानं टांगतो ती? तिची चौकट लाकडाची म्हणून आम्ही बिनधास्त माळ गुंडाळतो.

जुना लाईनमन:
लाकडातली ओल मापायचं यंत्रच मुळी लाकडाचा रोध मोजतं. दोन सुया टोचायच्या, रोध कमी तर ओल जास्त. कडक सुकलेलं लाकूड आणि ओलं लाकूड यांच्या रोधात दहा लाख पटींचा फरक सहज पडतो. माटोळीला तर ओले आंब्याचे टाळे, नारळ, सुपाऱ्यांचे घोस, शिवाय टांगायला लोखंडी आकडे. पत्रकवालीबाय, एवढं घाला: माटोळीतली माळ लोखंडी तारेने बांधू नका, सुतळीने बांधा, जोड टेपने झाकून आकड्यापासून लांब ठेवा, आणि रात्री झोपताना माळेची पिन सॉकेटातून काढा. हे फॉइलच्या वाक्याच्या वर घ्या. फॉइल चार घरांवर असेल, माटोळी सगळ्यांकडे आहे.