मी समोरच्या घरात जन्मले असते तर? – मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता येईना

पूर्वभागवाला:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे पद्मशाली. आजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले ते इथलेच झाले, घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. समोरच्या घरात मुस्लिम कुटुंब आहे, तीस वर्षांचा शेजार, त्यांची मुलगी आणि माझी मुलगी सहावीत एकाच वर्गात.

गेल्या नारळी पौर्णिमेची गोष्ट. त्या दिवशी आमच्यात जानवं बदलतात आणि मार्कंडेयाचा रथ निघतो. सकाळी आंघोळ करून पाटावर बसलो होतो, मुलगी शेजारी बसून हळद लावलेला दोरा बोटाला गुंडाळत होती, आणि एकदम म्हणाली, "पप्पा, मी समोरच्या घरात जन्मले असते तर आज नमाज शिकले असते ना? आणि मला तेच खरं वाटलं असतं ना?" मी म्हटलं हो, वाटलं असतं. तर म्हणते, "मग आपलं खरं कशावरून?"

जुनं जानवं अजून गळ्यात, नवं हातात, आणि मला काही सुचेना. "मोठी झालीस की कळेल" असं म्हणून वेळ मारून नेली. पण खरं सांगू का, मी ४२ चा झालो तरी मलाच कळलेलं नाही.

मी नास्तिक नाही. दोन वर्षांपूर्वी आई आयसीयूत होती तेव्हा रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर बसून मी मार्कंडेयाचीच गोष्ट मनात घोळवत होतो, सोळाव्या वर्षी मरण लिहिलेलं पोरगं पिंडीला मिठी मारून बसतं आणि यमाचा फास पिंडीवरच पडतो, ती. त्या रात्री त्या गोष्टीनंच मला धरून ठेवलं. पण त्याच बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ तसबीह (जपमाळ) ओढत होते, आणि त्यांच्या आणि माझ्या चेहऱ्यात काही फरक असेल असं मला वाटत नाही. मग ही श्रद्धा माझी म्हणायची की घराच्या पत्त्याची? कुणाला वाद घालायचा असेल तर कृपया नको, मला खरंच पोरीला काय सांगायचं ते हवंय.

जुनी_मिल_चाळ:

पत्त्याचीच, असं माझं मत. इंडोनेशियात जावा बेटावर जन्मलात तर बहुतेक मुस्लिम असणार आणि बाली बेटावर जन्मलात तर बहुतेक हिंदू, आणि मधली सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम अडीच किलोमीटर आहे. आपल्याकडचंच बघायचं तर प्यू रिसर्च सेंटरनं २०१९-२० ला भारतात जवळपास ३०,००० लोकांशी बोलून सर्व्हे केला, त्यात हिंदू म्हणून वाढलेले जवळपास ८२ टक्के निघाले आणि आज स्वतःला हिंदू सांगणारेही जवळपास ८२ टक्केच. म्हणजे जवळपास सगळे जिथं वाढले तिथंच. आता यात लग्न, नातेवाईक, जमीनजुमला, लोक काय म्हणतील हे सगळं आलं, नुसती श्रद्धा नाही, पण एवढ्या लोकांनी स्वतः विचार करून नेमकं आईवडिलांचंच निवडलं असं कसं मानायचं.

मुलीला खरं सांगा. घरातून आलंय म्हणून सांगा. त्यात लाज कसली.

माहेर_मंगळवेढं:

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी लिंगायत, सासर सोलापुरात बाळीवेशीजवळ.

माझं काय झालं ते सांगते. मी चार-पाच वर्षांची असताना वडिलांच्या खांद्यावर बसून गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आले होते, संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या अक्षता सोहळ्याला. पांढरे कपडे घातलेली ही गर्दी, सातही नंदीध्वज संमती कट्ट्यापाशी आलेले, आणि वडिलांनी माझ्या मुठीत तांदूळ दिले नि म्हणाले आवाज आला की टाकायचे. मग ते शब्द आले, दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम, नित्यम नित्यम, आणि लाखभर हात एकदम वर. मी पण टाकल्या. मूठ इतकी घट्ट धरली होती की निम्मे तांदूळ घामानं तळहाताला चिकटून राहिले, ते वडिलांनी फुंकर मारून काढले. म्हणजे बघा, सत्य म्हणजे काय हे कळायच्या कितीतरी आधी मी सत्यम म्हणत होते. आजही ते शब्द कानावर आले की अंगावर काटा येतो, आणि तो काटा काही मी विचार करून आणलेला नाही.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला कॉलेजात पडला होता आणि तेव्हा या काट्याचाच राग आला होता, वाटायचं की माझ्या नकळत कुणीतरी माझ्यात हे भरून ठेवलंय. आता राग नाही. भाषेसारखं मानते मी ते. तुम्ही तेलुगू निवडली नाही, मी घरातली कन्नड निवडली नाही, म्हणून ती खोटी होत नाही, आणि दुसऱ्याचीही खोटी होत नाही. मुलीला एवढं सांगता येईल असं वाटतं.

सीनाकाठचा:

ताई, तुमचं तांदळाचं वाचून बरं वाटलं, पण भाषेचं उदाहरण मला नाही पटलं, आणि का ते सांगतो. भाषा कुणाला पाणवठ्यावरून हाकलत नाही.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. माझ्या आजोबांना जन्मानं फक्त देव नाही मिळाला, त्या देवाच्या दारापासून किती लांब उभं राहायचं ते अंतर पण मिळालं. बाबासाहेबांनी येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो हे माझ्या हातात नव्हतं पण हिंदू म्हणून मरणार नाही. आणि धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधली २१ वर्षं बघा. त्यांनी अभ्यास केला, धर्म धर्म ताडून बघितले. तुमच्या मुलीचा प्रश्न एवढा मनावर घेतलेला दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. आणि अजून एक, त्यांच्या वडिलांचं घर कबीरपंथी होतं, लहानपणी कानावर कबीर पडत होता, आणि पुढं त्यांनी आपले तीन गुरू सांगितले त्यात बुद्ध आणि फुलेंच्या बरोबर कबीर आहेच. म्हणजे घरानं जे दिलं त्यातलंच एक घेऊन ते घराबाहेर पडले. म्हणून नुसतं "पत्ता ठरवतो" हे पण अर्धंच आहे.

आमच्या आजीनं ५६ नंतर देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून सीनेत सोडले. कोनाडा रिकामा राहिला. वडील सांगायचे की भिंतीवरचा दिव्याच्या काजळीचा डाग चुना मारला तरी दर पावसाळ्यात वर यायचा, आणि आजी बरेच दिवस संध्याकाळी सवयीनं वात वळायची, वळून झाल्यावर लक्षात यायचं. मग बुद्धाचा फोटो आला तेव्हा ती वात तिथं लागली.

आता माझं स्वतःचं. आजी-आजोबांनी निवडलं, मला आयतं मिळालं. मी जन्मानंच बौद्ध आहे, त्रिसरण मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्यामुळं तुमची मुलगी मला पण तेच विचारू शकते, आणि मला मान खाली घालूनच ऐकावं लागेल. मी पस्तिशीत पहिल्यांदा धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा एक एक करून वाचल्या, प्रत्येकीपाशी थांबून, की ही मला मान्य आहे का. सगळ्या मान्य झाल्या. पण त्या दिवसापर्यंत त्या माझ्या नव्हत्या, आजोबांच्या होत्या.

माहेर_मंगळवेढं:

पाणवठ्याचं बरोबर आहे तुमचं. मी तिथून विचारच केला नव्हता, कारण मला कुणी हाकललं नव्हतं. भाषेचं मागे घेते.

आणि तुमचं वाचताना आमचंच आठवलं. बसवण्णा ब्राह्मण घरात जन्मले आणि मुंज नाकारून बाहेर पडले, पुढं काही काळ आमच्या मंगळवेढ्याला बिज्जळ राजाच्या चाकरीत होते. जन्मानं कुणी मोठा नाही म्हणून ते सगळं आयुष्य भांडले. आणि आज आमच्याकडे बाळाला नीट डोळे उघडता येत नाहीत तोवर लिंग बांधतात, म्हणजे ज्यांनी जन्माची अट मोडली त्यांचा धर्म मला जन्मानंच मिळाला. हे इतकी वर्षं समोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

किल्ल्यामागचा:

अस्सलाम वालेकुम, नमस्कार. समोरच्या घरवाल्यांच्या बाजूनं मी बोलतो, म्हणजे त्या घराच्या नाही, पण तसल्याच एका घरातला.

आमच्यात हदीस आहे, प्रत्येक मूल फितरतवर जन्मतं, मग आईबाप त्याला यहुदी करतात, ख्रिस्ती करतात, नाहीतर अग्निपूजक करतात. लहानपणी अरबीच्या क्लासला हे पहिल्यांदा ऐकलं आणि मी विचारलं, मग आम्हाला कुणी केलं? गप बस म्हणाले. आमच्यातला अर्थ असा की फितरत म्हणजेच अल्लाहला ओळखणं, ते मूळचंच असतं, त्यामुळं आमचा प्रश्नच येत नाही. पण पोराच्या मनातून तो जात नाही ना.

मोठेपणी कळलं की हाच प्रश्न इमाम गझालीला पडला होता. इराणातला तूसचा माणूस, ११११ मध्ये वारला. त्यानं लिहून ठेवलंय की ख्रिस्त्यांची पोरं ख्रिस्तीच होताना दिसतात, यहुद्यांची यहुदी, मुसलमानांची मुसलमान, आणि हे बघून त्याचा नुसत्या ऐकीव गोष्टींवरचा विश्वास लहानपणीच उडाला. पुढं बगदादला मोठ्या मदरशात शिकवत होता, एवढं नाव, एवढा मान, आणि १०९५ ला सगळं सोडून निघून गेला, कारण आपण शिकवतोय ते अल्लाहसाठी नाही, नावासाठी आणि मानासाठी, असं त्याला वाटू लागलं. अनेक वर्षं फिरला, एकांतात राहिला, आणि परत आला तो इस्लाममध्येच आला, पण सूफींच्या वाटेनं. मला हे फार मोठं वाटतं. तो परत त्याच घरात आला, पण आता चालत आला होता, पाळण्यात नव्हता.

पोस्टवाले भाऊ, तुमच्या मुलीनं जे विचारलं ते गुन्हा नाही एवढं तिला आधी सांगा. गप बस म्हणू नका. मला म्हणाले होते, अजून लक्षात आहे.

जुनी_मिल_चाळ:

वरचं सगळं वाचून माझं एक दुरुस्त करतो. मी टक्केवारी दिली त्यातून कोण कुठं राहिलं ते कळतं, कोण कसं राहिलं ते नाही कळत. आणि विश्वास कुठून आला हे कळलं म्हणून तो खोटा ठरत नाही, जसा खरा पण ठरत नाही. ते वेगळं तपासायला लागतं. एक उदाहरण द्यायचं राहिलं, ना. वा. टिळक. १८९५ ला ख्रिस्ती झाले, देव बदलला, पण त्या देवासाठी लिहिले ते अभंगच. घरदार सोडलं तरी गळा तोच राहिला.

पूर्वभागवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मुलीला गच्चीवर घेऊन गेलो. मोठी झालीस की कळेल असं म्हटलं ते चुकलं माझं, हे आधी कबूल केलं. मग गझालीची गोष्ट सांगितली, सीनेकाठच्या आजीची वात सांगितली (सीनाकाठचा, तुम्हाला न विचारता सांगितली, राग मानू नका), अक्षतांचं सांगितलं. आणि म्हटलं, आपलं खरं कशावरून हे मला अजून माहीत नाही, मी पण शोधतोय, पण आई दवाखान्यात असताना माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं आणि तेवढं पुरलं, हे मात्र माझ्या अनुभवाचं आहे, घरातून आलेलं नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समोरची पण तिच्या पप्पांना हे विचारत असेल का?"

आज सकाळी पाणी आलं तेव्हा समोरचे भाई पाइप लावत होते, धीर करून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला. म्हणाले, "आमच्या मोठ्यानं विचारलं होतं ओ, तीन वर्षं झाली. मी एक ठेवून दिली होती त्याला." मग जरा थांबून मला म्हणाले, ते गझालीचं नीट सांगा एकदा, संध्याकाळी या घरी, त्याला पण बसवतो. तर आज सात वाजता जातोय. किल्ल्यामागचे भाऊ, तो बगदादहून निघाला ते मला नीट सांगता येणार नाही, जमलं तर तेवढं जरा सविस्तर लिहा ना सहाच्या आत.