मे अखेर / जून : गौताळा–पितळखोरा–अजिंठा, पक्ष्यांसाठी तीन दिवस. क्रम कसा लावू?

नांदेडचा_पाहुणा
चौघं, एक चारचाकी, सुरुवात संभाजीनगरातून. यादीत गौताळा अभयारण्य, पितळखोरा आणि अजिंठ्याची लेणी, म्हैसमाळचं पठार, जायकवाडीचा जलाशय, आणि जमलंच तर नायगावचे मोर. नवरंग आणि चातक पाहायचेच आहेत. मे महिन्याचे शेवटचे तीन दिवस धरलेत. दुर्बीण १०×४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मि.मी. भिंगाची) आहे, चालेल ना?

घाटमाथा
नायगाव आधी खोडा. ते बीडच्या पाटोदा तालुक्यात, तुमच्या वाटेच्या उलट्या टोकाला. मोर गौताळ्यातही आहेतच.

तारखा पुढं ढकलता येत असतील तर जूनचा पहिला-दुसरा आठवडा घ्या. चातक पावसाळी वाऱ्यांच्या थोडा पुढं-मागं येतो, मे अखेरीस त्याची खात्री नसते. नवरंगही वळवाच्या एक-दोन सरी पडून झाडोरा ओला झाला की नीट बोलायला लागतो.

मुक्काम दोन्ही रात्री कन्नडलाच करा, शहरापासून साधारण ६० कि.मी. रोज शहरातून ये-जा केलीत तर पहाटेचा चांगला तास रस्त्यात जातो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि साडेआठ-नऊनंतर सगळं चिडीचूप. गौताळ्याचं गेट कधी उघडतं ते आदल्या संध्याकाळी वनखात्याच्या चौकीवर विचारून घ्या.

आत शिरल्यावर चालत सुटू नका. ओढ्यात डोह उरलेला असेल तिथं १५-२० मीटर लांब, सावलीत, सूर्य पाठीशी ठेवून दीड तास बसा. या दिवसांत पाणी मोजक्या जागी असतं, म्हणून पक्षी तिथंच येतात. स्वर्गीय नर्तक तर दुपार कलली की फांदीवरून पाण्यात पुन्हा पुन्हा बुडी मारून वर जातो. फोटो घ्यायचा तर बुडीचा नाही, परत ज्या फांदीवर बसतो तिचा फोकस धरून ठेवा.

पाणवठा_७
वरचं बरोबर. भर एवढीच की पखुर्डीच्या (माळावर राहणारा, पारव्याएवढा पक्षी) पाण्यावर यायच्या वेळा वेगळ्या. साधी पखुर्डी ऊन वर आल्यावर थव्यानं पाण्यावर उतरते. रंगीत पखुर्डी तिन्हीसांजेला, अंधारता अंधारता, आणि पुन्हा उजाडायच्या आधी. लोक मधल्या वेळेत बसतात आणि "नव्हतीच" म्हणून परततात.

नवरंग जमिनीवर पाला उलटून खातो, म्हणून सगळे खालीच शोधतात. शीळ मात्र झाडावरून घालतो, मान मागं टाकून, दोन सुरांत. आवाज आला की खालच्या-मधल्या आडव्या फांद्या दुर्बिणीनं एकेक करून बघा. मोबाईलवर आवाज वाजवू नका राव. घरटं करायचे दिवस असतात, पक्षी अंडी सोडून भांडायला येतो.

चातकासाठी सातभाईंवर लक्ष ठेवा. तो त्यांच्याच घरट्यात अंडी घालतो, त्यामुळे सातभाईंचा कालवा एकदम वाढला की वर बघा: काळा-पांढरा, तुरेवाला, पंखावर पांढरा ठिपका.

१०×४२ चालेल, पण नव्यानं घेणार असाल तर ८×४२. झाडीत हात हलतो आणि जास्त पटीच्या दुर्बिणीत ती थरथर जास्त दिसते.

नांदेडचा_पाहुणा
जूनचा दुसरा आठवडा ठरवतो. मग अजिंठ्याला पहाटे?

घाटमाथा
पहाटे लेणीत जाता येत नाही. गाड्या फर्दापूर टी-पॉइंटला ठेवून पुढं बसनं जावं लागतं. लेणी उघडून आत पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. सोमवारी तर बंदच. लेणीखालच्या वाघूर नदीची दरी वरून, व्ह्यू पॉइंटकडून बघा. कड्याला चिकटून उडणाऱ्या भिंगऱ्या (पाकोळीसारखे छोटे पक्षी) तिथं डोळ्यांच्या रेषेत येतात.

पितळखोऱ्याला पायऱ्या उतरून दरीतच जायचं आहे. तिथं दोन गोष्टी सांभाळा.

एक, आग्या मोहोळ. अशा कड्यांना पोळी असतात. अत्तर, डिओ, बिडी-सिगरेट, मोठ्यानं हाका, सगळं बंद. माश्या उठल्या तर हात झटकू नका. तोंड-मान कापडानं झाकून सरळ दूर निघा.

दुसरं, वरच्या अंगाला ढग दिसला की दरीतून बाहेर. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण पठारावर पडलेली सर ओढ्यातून खाली येते.

पाणी माणशी चार-पाच लिटर. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत ओतून गोड सरबत करू नका.

गाळपेर
जायकवाडीबद्दल कुणी बोललं नाही. हिवाळ्यातली गर्दी नसते, पण पाणी हटलेलं असतं आणि उघड्या गाळावर नदी सुरय, आर्ली, टिटव्या दिसतात. त्यांची अंडी खड्यांसारखी जमिनीवरच असतात. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला म्हणजे तुम्ही घरट्याजवळ आहात, आल्या पावली मागं फिरा. तुमच्यामुळे तो दहा मिनिटं उठून राहिला तरी त्या उन्हात अंडं भाजतं.

गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवा. वाळलेला गाळ वरून टणक दिसतो, टायरखाली पापुद्रा फुटतो. एक सर पडली की काळी माती मडगार्डमध्ये भरून चाक फिरेनासं होतं. रेस देत बसलात की गाडी एक्सलपर्यंत खाली जाते. मागं फिरण्यासारखी वाट असेल तोवरच वळवा. फसलीच तर टायरमधली हवा कमी करून पुढं ताडपत्री किंवा तुराट्या टाका. त्यानंही निघाली नाही तर शेतातला ट्रॅक्टर. दोरखंड आपला न्या.

नांदेडचा_पाहुणा
म्हणजे पहिला दिवस जायकवाडी, मग कन्नड दोन रात्री. म्हैसमाळ?

पाणवठा_७
परतीच्या वाटेवर, संध्याकाळी पाचनंतर. शनिवार-रविवार असेल तर सोडून द्या.