वर्डप्रेसवाल्याने पेमेंट आणि स्टॉकचं काम घ्यावं का?

कोथरूडकर: लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानाच्या साइटचं काम आलंय. मला वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) थीम, प्लगइन लावणं जमतं. त्यांना रेझरपे (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) आणि दुकानाच्या बिलिंगशी जोडलेला स्टॉक हवाय. घेऊ का? कोटेशन कसं देऊ?

वेबगिरी: पेमेंटला वूकॉमर्सचं (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) तयार प्लगइन आहे. खरी मेख स्टॉकमध्ये. साडीचा एकच पीस असतो. काउंटरवर आणि साइटवर एकदमच विकला गेला की रिफंडचं लचांड. बिलिंग सॉफ्टवेअरला एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरने थेट माहिती घ्यायची-द्यायची सोय) आहे की नुसती एक्सेल निघते, हे कळेपर्यंत आकडा बोलूच नका.

सर्व्हर_काका: प्लगइन टाकलं की झालं, असं नसतं हो! ग्राहकाने पैसे भरून लगेच ब्राउझर बंद केला तर ऑर्डर 'पेंडिंग'च राहते. म्हणून वेबहुक (पैसे आल्याचा रेझरपेकडून थेट साइटला येणारा निरोप) लावा, त्याची सिग्नेचर (निरोप रेझरपेचाच असल्याची खूण) तपासा. तोच वेबहुक दोनदाही येतो, तेव्हा पेमेंट आयडी आधी नोंदलाय का ते बघा. थेट एपीआय वापरलात तर रक्कम पैशांत जाते: ५०० रुपये म्हणजे ५००००.

वेबगिरी: बरोबर. आणि रेझरपे खात्याची केवायसी दुकानाच्याच नावाने, तुमच्या नव्हे.

हडपसरी: घ्या, पण दोन कोटेशनं करा. साइट आणि पेमेंट एकात. स्टॉक बिलिंगशी जोडता येईल का, याची नुसती तपासणी दुसऱ्यात, तिचेही पैसे लावून. जोडणी जाणकाराकडून करून घ्यायची असेल तर ते मालकांना आधीच सांगा.