ठाणे खाडीतल्या पक्षीनिरीक्षणाचे आर्थिक मूल्य कसे मोजावे?

प्रश्न (मुलुंड)
खाडीकाठच्या पाणथळ जागा राखाव्यात असे आम्ही हौशी पक्षीनिरीक्षक जिथे जिथे मांडतो, तिथे ‘त्यातून उत्पन्न किती?’ असे विचारले जाते आणि फ्लेमिंगो दाखवणाऱ्या ऐरोलीच्या नौकाफेरीच्या तिकिटांपलीकडे आम्हाला काही सांगता येत नाही. हे मूल्य मोजण्याची मान्य पद्धत आहे का?

उत्तर १ (दादर, अर्थशास्त्राचे अध्यापन)
आहे. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या 2022 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार तिथे 14.8 कोटी लोकांनी वन्यजीव पाहण्यावर सुमारे 25,000 कोटी डॉलर खर्च केले. त्यात प्रवास आणि मुक्कामाबरोबर दुर्बिणी, कॅमेरे आणि पक्ष्यांना घालायचे दाणेही धरलेले आहेत. मात्र खर्च म्हणजे मूल्य नव्हे. घराजवळच्या खाडीवर चालत जाणाऱ्याचा खर्च शून्य असला, तरी त्याला मिळणारा लाभ शून्य नसतो. तो लाभ, म्हणजेच उपभोक्त्याचे संतोषाधिक्य (तो जास्तीत जास्त जेवढे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, त्यांतला फरक), अजमावण्यासाठी प्रवासखर्च पद्धत वापरतात: लोक किती लांबून, किती वेळ आणि पैसे घालवून, वर्षातून कितीदा येतात यावरून मागणी आणि तिच्यावरून हा लाभ काढला जातो.

उत्तर २ (ऐरोली)
पैसा कोणाच्या हाती पडतो, हेही नोंदवा. कोकणातल्या वेळास गावच्या कासव महोत्सवात पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि जेवतात, म्हणून ते उत्पन्न गावात राहते. आपल्याकडे कोळी बांधवांचा वाटा किती, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उत्तर ३ (नेरूळ)
केवळ उत्पन्नावर भिस्त ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण नवी मुंबईतल्या भूखंडाच्या भावापुढे कोणतेही तिकीट टिकणार नाही. ठाणे खाडीचे अभयारण्य 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. परंतु ओहोटीला तिथल्या चिखलात चरणारे फ्लेमिंगो भरतीच्या वेळी विसाव्यासाठी अभयारण्याबाहेरच्या, सीवूड्सच्या पाणथळींवर येतात. या जागांवर तिकीट नाही, म्हणून हिशेबात त्यांचे उत्पन्न शून्य दिसते. प्रत्यक्षात त्या बुजवल्या, तर ऐरोलीची नौकाफेरी कोणासाठी निघणार? दोन्ही जागांचे मूल्य एकत्रच मांडले पाहिजे. खारफुटीत वाढणारी मासळीची पिल्ले आणि खारफुटीने थोपवलेले भरतीचे पाणी यांची किंमत वेगळी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग प्रवासखर्च पद्धतीसाठी येणाऱ्यांना विचारायची प्रश्नावली ऐरोलीच्या धक्क्यापुरती न ठेवता सीवूड्सलाही भरून घेऊ. दादरच्या सरांनी मसुदा तपासून दिल्यास उपकार होतील.